चित्रातली बाई कोणाकडे पाहते?

प्रिय बाळा,

अनेक आशीर्वाद.

स्त्रीवादी कलेच्या नावाखाली बायकांनी स्वतःचीच उघडी चित्रं काढायची, रक्त दाखवायचं, यात लोकांना धक्का देण्यापलीकडे काय आहे, असं तू फोनवर विचारलंस. तुला खरंच जाणून घ्यायचं होतं हे तुझ्या आवाजावरून कळलं, म्हणून सावकाश लिहायला बसले आहे.

बाईचं उघडं शरीर कलेत या चित्रकर्तींनी आणलेलं नाही. ते संग्रहालयांच्या भिंतींवर शतकानुशतकं आहेच. देवी म्हणून, झोपलेली, न्हाणारी म्हणून. १९८९ साली ‘गुरिला गर्ल्स’ या स्त्री-कलावंतांच्या गटाने न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयातल्या आधुनिक कलेच्या दालनांची मोजदाद करून पोस्टर छापलं. चित्रकारांमध्ये बायका पाच टक्क्यांहूनही कमी, आणि नग्नचित्रांपैकी ८५ टक्के मात्र बायकांची! त्याच्याही खूप आधीची गोष्ट. लंडनच्या रॉयल अकॅडमी या कलावंतांच्या संस्थेच्या संस्थापक सदस्यांत अँजेलिका कॉफमन आणि मेरी मोझर या दोघी चित्रकर्ती होत्या. पुढे योहान झोफनी या चित्रकाराने अकॅडमीचे सदस्य उघड्या पुरुष मॉडेलभोवती जमलेले रंगवले, तेव्हा या दोघींच्या नुसत्या तसबिरी भिंतीवर टांगलेल्या दाखवल्या. बाईने उघडं शरीर पाहणं शोभत नव्हतं ना! तिचं शरीर इतरांनी पाहण्याला मात्र कुणाची हरकत नव्हती.

म्हणून असं चित्र समोर आलं की मी आधी बघते, ब्रश कोणाच्या हातात आहे.

बायबलच्या परंपरेतली सुझानाची कथा घे. ती न्हात असताना दोन म्हातारे चोरून बघतात आणि तिला धमकावतात. कितीतरी चित्रकारांनी ती अशी रंगवली की म्हाताऱ्यांबरोबर आपणही तिच्या सौंदर्याकडे बघत बसावं. १६१० साली आर्टेमिसिया जेंतिलेस्की या सोळा-सतरा वर्षांच्या मुलीने तीच कथा रंगवली. तिची सुझाना अंग आक्रसून, तोंड फिरवून, हातांनी त्या दोघांना दूर लोटते आहे. ते चित्र बघताना म्हाताऱ्यांच्या बाजूने उभं राहताच येत नाही.

आणि अमेरिकन चित्रकर्ती ॲलिस नील. १९८० साली, वयाच्या ८० व्या वर्षी तिने स्वतःचं नग्न व्यक्तिचित्र पूर्ण केलं. पट्ट्यापट्ट्यांच्या खुर्चीत बसली आहे, डोळ्यांवर चष्मा, हातात ब्रश. स्तन ओघळलेले, पोट सुटलेलं, गाल लाल. आणि ती सरळ आपल्याकडे बघते. मला हे चित्र फार जवळचं आहे. तू झालास तेव्हा माझी झोप, माझं दुखणं राहिलं बाजूला. लोक विचारायचे, वजन कधी उतरवणार? पोटावरच्या खुणा घालवायचे उपाय न विचारता सांगायचे. त्या खुणांची लाज वाटली पाहिजे हे मला आधी माहीतही नव्हतं, ते मला शिकवण्यात आलं. नीलच्या चित्रात त्या शिकवणीचा मागमूस नाही.

रक्ताचं म्हणशील, तर त्याच संग्रहालयांत लढायांची चित्रं आहेत. त्यांतलं रक्त बघून कुणी नाक मुरडत नाही. १९७२ मध्ये लॉस एंजेलिसला एका पडक्या घराच्या खोल्यांतून ‘वूमनहाउस’ हे प्रदर्शन भरलं. तिथे ज्युडी शिकागो या कलावंत बाईने एक न्हाणीघर मांडलं होतं. सगळं पांढरंशुभ्र, फळीवर स्वच्छतेच्या वस्तूंची रांग, आणि खाली वापरलेल्या पॅडनी भरून वाहणारी टोपली. कुठल्याही घरात जे दर महिन्याला गुपचूप गुंडाळून टाकलं जातं, तेच. त्याने धक्का बसत असेल तर तो लपवण्याच्या सवयीमुळे बसतो, असं माझं मत आहे. स्त्रीवादी कला या नावाखाली झालेलं सगळंच काम मला आवडतं असं नाही. काही कामं एकदा पाहिली की संपतात.

पण एक काम तू बघच. योको ओनो या जपानी कलावंत बाईचा ‘कट पीस’ हा मंचावरचा प्रयोग. तिने तो पहिल्यांदा १९६४ साली क्योटोत केला. १९६५ च्या न्यूयॉर्कमधल्या प्रयोगाचं चित्रीकरण उपलब्ध आहे. ती मंचावर नुसती बसते, समोर कात्री. प्रेक्षकांनी एकेक करून यायचं आणि तिच्या कपड्याचा तुकडा कापून न्यायचा. सुरुवातीचे लोक संकोचून लहानसा तुकडा कापतात. मग एक तरुण येतो. तो मजेत, वेळ घेऊन तिचा आतला कपडा कापतो, ब्रेसियरचे पट्टेही कापतो, आणि ती दोन्ही हात छातीशी धरते. उघडी ती पडते आहे, पण लाज वाटायला हवी ती कोणाला? हे तुला लिहिते आहे कारण तू माझा मुलगा आहेस, आणि कात्री हातात घेऊन मंचावर जाणारा तो तरुण तुझ्याच वयाच्या आसपासचा दिसतो.

एकट्याने बघ, मित्रांबरोबर नको. त्या तरुणाच्या चेहऱ्याकडे बघ, मग तिच्या डोळ्यांकडे. आणि बघून झालं की मला फोन कर, कितीही उशीर झाला तरी चालेल.

तुझी,
आई