वरून आलेलं नाही, गळालेलं

चि. मीनल,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू हसत हसत विचारलंस, "बाबा, मी तुमचीच ना नक्की?" आणि मग तो व्हिडिओ पाठवलास. रात्री जेवणं झाल्यावर मी तो पूर्ण पाहिला. आईनं अर्धा पाहिला. "काहून वं, माही लेक काय आभायातून पडली?" एवढं म्हणून ती दूध विरजायला उठली. मी मात्र दोन दिवस पऱ्हाटी वेचताना त्याचाच विचार करत होतो. फोनवर सांगायला गेलं की तू "बाबा, लेक्चर सुरू झालं तुमचं" म्हणून ठेवून देतेस. कागद असा मधेच ठेवून देता येत नाही.

व्हिडिओतल्या त्या माणसाचं म्हणणं असं, की तुझ्यासारख्या निगेटिव्ह रक्ताच्या लोकांत माकडाचं जनुक नसतं, म्हणजे परग्रहावरच्या कोणीतरी त्यांच्यात आपलं बीज घातलं. पुरावा काय, तर निगेटिव्ह आईचं शरीर पॉझिटिव्ह बाळाला परकं समजून मारायला उठतं.

हा पुरावा मी त्याच्याहून जवळून पाहिलाय. दादा झाला तेव्हा डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आई निगेटिव्ह, बाळ पॉझिटिव्ह. 72 तासांच्या आत अँटी-डीचं इंजेक्शन पाहिजे. गावात तर सोडच, तालुक्यालाही मिळेना. मी शेजाऱ्याचा थर्मास मागून घेतला आणि एसटीनं अकोल्याला गेलो. परतीला थर्मासमध्ये बर्फ, बर्फावर पिशवीत गुंडाळलेली ती एवढीशी कुपी. मेहकर येईपर्यंत थर्मास मांडीवरून खाली ठेवला नाही. वाटेत कंडक्टरनं विचारलं, "काय, आइस्क्रीम का?"

बाळंतपणात बाळाचं थोडं रक्त आईच्या रक्तात मिसळतं. तिच्या शरीराला ते अनोळखी वाटतं आणि ते त्याच्याविरुद्ध हत्यार तयार करून ठेवतं. पहिलं मूल सहसा सुटतं, पुढचं पॉझिटिव्ह असलं तर त्याच्यावर वार होतो. शरीरानं दखल घेण्याआधीच हे इंजेक्शन बाळाच्या त्या पेशींचा निकाल लावतं. 1968 पासून ते जगात वापरात आहे. आजीच्या पिढीत नव्हतं. तेव्हा बाया म्हणायच्या, "तिचं पहिलं जगते, मंग एकही राहत नाही," आणि सगळा दोष त्या बाईच्या पायगुणाला. त्यातल्या किती जणी नुसत्या निगेटिव्ह असतील, कोण जाणे. तेव्हा दोष पायगुणाचा होता, आता परग्रहाचा झाला, एवढाच काय तो फरक.

तुझ्या वेळी मी थर्मास आधीच घासून ठेवला होता. डॉक्टरीणबाई बाहेर आल्या आणि म्हणाल्या, "मुलगी आईवर गेली, निगेटिव्ह आहे. इंजेक्शन लागत नाही." मी रिकामा थर्मास घेऊन घरी आलो.

आई आणि मी वेगळ्या जातीचे प्राणी असतो, तर तुमचं खेचर झालं असतं. घोडा-गाढवाचं होतं तसं, पुढं वंश नाही. तसं काही झालेलं नाही, निगेटिव्ह-पॉझिटिव्हांचे संसार घरोघरी चाललेत.

आता ते माकड. 1940 साली लँडस्टायनर आणि वीनर यांनी ऱ्हीसस माकडाच्या रक्तावर प्रयोग केले, त्यावरून या गटाला आरएच नाव पडलं. माकड आलं ते फक्त नावात. ज्याला पॉझिटिव्ह म्हणतात त्याच्या रक्तपेशीवर डी नावाचं एक प्रथिन असतं. बहुतेक निगेटिव्ह लोकांत ते बनवणारं जनुक अख्खं गळून गेलेलं असतं. त्याच्या शेजारचं, त्याच घराण्यातलं दुसरं जनुक मात्र जागेवर शाबूत असतं. म्हणजे तुझ्यात वरून काही आलेलं नाही, होतं त्यातलंच एक गळालंय. परग्रहावरच्यांनी एवढ्या लांब येऊन आपल्या सदऱ्याचं एक बटण तोडून नेलं म्हणायचं का?

आणि ही गळती एकट्या आईची नाही. या जनुकाच्या दोन प्रती असतात, एक आईकडून, एक बापाकडून; निगेटिव्ह व्हायला दोन्हीकडून गळालेली प्रत यावी लागते. आईच्या दोन्ही तशाच, म्हणून एक तिच्याकडून येणारच होती. दुसरी माझी. मी पॉझिटिव्ह आहे, पण एक गळालेली प्रत माझ्यातही लपून होती, हे मला तू झाल्यावर कळलं. ती आबांची की आजीची ते आता कळायचं नाही, दोघांचंही रक्त कधी तपासलं नव्हतं. दादातही आईची ती एक प्रत आहेच, फक्त दिसत नाही. तू परकी तर नाहीसच, उलट दोन्ही घरांनी मिळून तुला ते दिलंय.

बाहेरचं बीज घातलं तर ते लपत नाही, हे आम्हा कापूसवाल्यांना कोणी शिकवायला नको. 2002 साली बीटीला, म्हणजे बाहेरचं जनुक घातलेल्या कापसाला, परवानगी मिळाली. त्यातलं जनुक मातीतल्या एका जिवाणूचं, ते चालू करणारं बटण फुलकोबीला रोग करणाऱ्या विषाणूतून उचललेलं. पानाचा तुकडा नळीत चुरडायचा, द्रावण घालायचं, कागदाची पट्टी बुडवायची. रेघ उमटली की बीटी. प्रयोगशाळेत तर ते जनुक नेमकं कुठं टाचलंय तेही सांगतात. ठिगळाचा दोरा दिसतोच.

माणसाच्या डीएनएची सुमारे 300 कोटी अक्षरं आहेत. 2003 साली बहुतेक वाचून झाली, उरलेल्या जागा 2022 मध्ये भरल्या. त्यात परकं काहीच नाही असं मात्र मी म्हणणार नाही. जवळजवळ 8 टक्के भाग जुन्या विषाणूंचा आहे, आपल्या पूर्वजांना झालेल्या लागणीतून राहिलेला. गर्भाची वार तयार व्हायला लागणारं एक प्रथिन अशाच विषाणूच्या जनुकातून आलंय. पण त्या विषाणूंचे नातेवाईक आजही पृथ्वीवर आहेत आणि त्यातले बरेच तुकडे चिंपांझीतही त्याच जागी सापडतात. मला तर ही गोष्ट त्या व्हिडिओपेक्षा भारी वाटली. आईला सांगितली तर म्हणाली, "म्हणजे रोगानंच पोर जगवलं म्हणा."

आणि आभाळातून खरंच काही पडतं तेव्हा काय होतं, ते आपल्या लोणारला तू शाळेच्या सहलीत पाहिलंस. पावणेदोन किलोमीटरच्या वर रुंद खड्डा. लवणासुर राक्षसाची गोष्ट होतीच, मग बरेच जाणकार त्याला ज्वालामुखीचं तोंड म्हणायचे. शेवटी धडकेशिवाय तयार होत नाही अशी काच तिथल्या दगडात सापडली, तेव्हा उल्का ठरली. त्या व्हिडिओवाल्याला एवढंच विचार, तुझी काच कुठंय?

दुसरी वेचणी अर्धी झाली. मजूर मिळत नाहीत, कापसाच्या भावाचं विचारू नको. रक्तदान केलंस ते चांगलं केलंस. निगेटिव्ह रक्त आपल्याकडे शंभरात पाचेक जणांचं, वेळेला शोधत फिरावं लागतं. पण बाईमाणसाला चार महिने जाऊ द्यावे लागतात, लगेच पुन्हा देऊ नको, आणि हिमोग्लोबिन पाहून घे. आई अळिवाचे लाडू पाठवतेय. डबा परत आण, मागचे दोन तुझ्याकडेच आहेत.

तुझा,
बाबा