अर्ध्या इंचाची नळी आणि तीन वर्षं

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

तेलाच्या आयातीवर आपल्याकडे भरपूर बोललं जातं. समुद्रातल्या विहिरीतून ते कसं निघतं आणि ते काढणारी माणसं एकमेकांना काय सांगतात, यावर फारसं कुणी बोलत नाही. मुंबईच्या पश्चिमेला भर समुद्रातल्या प्लॅटफॉर्मवर माझी एकतीस वर्षं गेली. चौदा दिवस पाण्यात, चौदा दिवस घरी. त्या अनुभवावरून हे पत्र लिहितो आहे.

विहिरीचा स्वतःचा जोर कमी झाला की वरून दाबाखालचा गॅस आत सोडावा लागतो, म्हणजे तेल हलकं होऊन वर येतं. याला आम्ही गॅस लिफ्ट म्हणतो. गॅस चोकमधून, म्हणजे प्रवाह आवळणाऱ्या अरुंद व्हॉल्व्हमधून, जाताना दाब एकदम उतरतो आणि गॅस गार पडतो. त्यात पाण्याचा अंश असेल तर बर्फासारखा घट्ट गोळा धरतो, त्याला हायड्रेट म्हणतात. एका जानेवारीत आमच्या एका विहिरीला रोज पहाटे हाच त्रास व्हायचा. चोकच्या पुढच्या पाइपवर पांढरं दव गोठलेलं असायचं, हात लावला की बोटं बधिर व्हायची. आम्ही गोणपाट गुंडाळून, किचनमधून किटल्या आणून त्यावर गरम पाणी ओतायचो. तासाभराने गॅस मोकळा व्हायचा, पण तोवर विहीर मंदावलेली असायची. हायड्रेट धरू नये म्हणून पाइपात मिथेनॉल हे रसायन सोडत होतो, तरी फरक पडत नव्हता.

पुढे जुहूला हेलिकॉप्टरची वाट बघत बसलो असताना शेजारच्या प्लॅटफॉर्मवरच्या एका ज्येष्ठ टेक्निशियनशी गप्पा झाल्या. त्यांनी एकच प्रश्न विचारला, "मिथेनॉल चोकच्या आधी सोडता की नंतर?" आमची मिथेनॉलची नळी चोकच्या पुढे होती. गोळा चोकमध्येच धरत होता, म्हणजे औषध दुखण्याच्या पलीकडे पडत होतं. त्यांनी तीन वर्षांपूर्वीच अर्ध्या इंचाची ती नळी चोकच्या अलीकडे घेतली होती. एक वर्क परमिट, म्हणजे कामाचा लेखी परवाना, आणि अर्ध्या दिवसाचं काम. ते लिहिलेलंही होतं, त्यांच्या लॉगबुकात. लॉगबुक कपाटात आणि कपाट समुद्रात. कंपनी आमची एकच, तरी तीन वर्षं आम्हाला पत्ता नव्हता.

या धंद्यात ज्ञान वाटायची परंपरा नाही, असं मात्र मी म्हणणार नाही. शेल कंपनीतल्या व्होगेल यांनी २१ वेगवेगळ्या भूगर्भस्थितींची गणितं संगणकावर मांडून एक साधं सूत्र काढलं आणि ते १९६८ साली सोसायटी ऑफ पेट्रोलियम इंजिनीअर्सच्या मासिकात छापलं. एका चाचणीवरून विहीर जास्तीत जास्त किती देईल, याचा अंदाज त्यातून येतो. ते सूत्र आम्ही सतत वापरायचो. त्यांनी ते कंपनीच्या तिजोरीत ठेवलं असतं, तर आम्ही चाचपडतच राहिलो असतो.

६ जुलै १९८८ ला उत्तर समुद्रात पायपर अल्फा या तेलाच्या प्लॅटफॉर्मवर १६७ माणसं गेली. दुरुस्तीसाठी एका पंपाचा सुरक्षा व्हॉल्व्ह काढला होता, ते रात्रपाळीला नीट कळलं नाही आणि पंप सुरू केला गेला. लॉर्ड कलन यांच्या चौकशी अहवालात १०६ शिफारशी होत्या. तो अहवाल जगभर वाचला गेला आणि परमिट आणि हँडओव्हर, म्हणजे पाळी बदलताना काम सोपवणं, यांच्या पद्धती बदलल्या. इतकी माणसं गेल्यावर सगळे एकत्र बसतात, तसं नळीच्या जागेसाठी कुणी बसत नाही, हे मला फार खटकतं.

व्यावसायिक संस्थांच्या सभांना मी गेलो आहे, तिथे शिकलोही खूप. पण निबंध वाचणारे बहुधा मुख्यालयातले असतात. पाना हातात धरणारा डिप्लोमावाला किंवा आयटीआयचा मुलगा त्या वेळी समुद्रात असतो, आणि इंग्रजीत दहा पानं लिहायची म्हटल्यावर तो मागे सरतो. भूगर्भाचे नकाशे आणि साठ्यांचे आकडे गुप्त राहावेत, ते योग्यच आहे. मिथेनॉलची नळी कुठे जोडावी यात कसलं गुपित? अशा गोष्टींना मुख्यालयाच्या मंजुरीसाठी महिनोन्महिने थांबवू नये. प्लॅटफॉर्मच्या प्रमुखाची सही पुरेशी मानावी. एक पान, हाताने काढलेली एक आकृती, मराठीत किंवा हिंदीत, एवढं चालवून घ्यावं. पुण्यात पेट्रोलियम इंजिनीअरिंग शिकणारी मुलं त्याचं इंग्रजी करतील, आणि त्यांनाही खरी विहीर कळेल.

ते टेक्निशियन माझ्याआधी निवृत्त झाले. त्यांच्या डोक्यात अशा किती गोष्टी होत्या, ते मी विचारून घ्यायला हवं होतं. माझ्याजवळ तीन वह्या आहेत, आकृत्यांसकट. कुठल्याही संस्थेने बोलावलं तर त्या घेऊन मी स्वतः येईन.

आपला,
एक निवृत्त उत्पादन पर्यवेक्षक, अलिबाग