जिन्यातला लंबक आणि सिडकोतले काका

आदरणीय काका,
सप्रेम नमस्कार.

फोनवर आभार मानायला गेलं की तुम्ही "अहो बाई, त्यात काय एवढं" म्हणून विषयच बदलता. म्हणून हे पत्र लिहितेय, आणि मुद्दाम सगळ्यांना वाचता येईल असं.

28 फेब्रुवारीच्या विज्ञान दिनाला फुकोचा लंबक करायचं आमच्या आठवीच्या मुलांनी मनावर घेतलं होतं. 1851 साली फ्रेंच शास्त्रज्ञ फुकोनं पॅरिसच्या पँथिऑन या इमारतीत 67 मीटर तारेला 28 किलोचा गोळा टांगून पृथ्वी फिरते हे लोकांना डोळ्यांनी दाखवलं: खालची पृथ्वी फिरते, म्हणून लंबकाच्या झोक्याची रेघ हळूहळू वळत गेलेली दिसते. आमच्याकडे जिन्याच्या मधली मोकळी जागा आणि 9 मीटर तार. 12 किलोचं वजन सातपूरच्या एका पालकांनी लेथवर करून दिलं. पण लंबक सोडला की दहा मिनिटांत सरळ रेघ सोडून लंबवर्तुळात फिरायला लागायचा. पाच दिवस हेच. मुलं रडकुंडीला आली होती.

तुमची सगळी नोकरी विज्ञान संग्रहालयाच्या वर्कशॉपमध्ये झाली, हे एका मुलीच्या आजोबांकडून कळलं. तुम्ही आलात ते थेट तिसऱ्या मजल्यावर गेलात आणि तार अडकवलेल्या हुकावर बॅटरी मारून बघत बसलात. मग मुलांना एकेक करून वर बोलावलंत. दोष तुम्हाला केव्हाच दिसला असणार, पण बोलला नाहीत. शेवटी आमची सर्वांत गप्प बसणारी मुलगी म्हणाली, "काका, तार एका बाजूला घासतेय, दुसऱ्या बाजूला मोकळी आहे." तेव्हा कुठे तुम्ही हसलात. ती पंधरा मिनिटं तुम्ही थांबलात, त्यासाठी मी तुमची सर्वांत जास्त ऋणी आहे. मला ते जमलं नसतं.

दुसऱ्या दिवशी तुम्ही ड्रिलचा जुना चक, म्हणजे ड्रिलचं टोक पकडणारा भाग, घेऊन आलात. त्याचे तीन जबडे तारेला सगळीकडून सारखं धरतात. तो बसवता बसवता मुलांना तुम्ही संग्रहालयाची मागची बाजू दाखवलीत: दारं उघडायच्या आधी दालनातून फिरत प्रत्येक बटण दाबून बघायचं, सैल झालेली हँडलं आवळायची, आणि 'बंद आहे' ही पाटी लावावी लागली की दिवसभर चुकल्यासारखं वाटायचं. हवेच्या विरोधानं लंबक थांबू नये म्हणून मोठ्या लंबकाला विद्युतचुंबक हलकासा जोर देतो, हे ऐकून एकानं विचारलं, "मग ही फसवणूक नाही का?" तुम्ही खडू घेऊन फरशीवर बसलात. चुंबक फक्त मध्याकडे ओढतो, डावं-उजवं ठरवत नाही, हे पटेपर्यंत तुम्ही उठला नाहीत.

विज्ञान दिनाला लंबक सुती दोऱ्यानं मागे बांधला होता. हातानं सोडला तर बाजूचा धक्का बसतो, म्हणून तुमच्या सांगण्याप्रमाणे त्या मुलीनं दोऱ्याला उदबत्ती लावली. दोरा जळून तुटला तेव्हा जिन्यात कुणी श्वाससुद्धा घेत नव्हतं. एक झोका सहा सेकंदांचा. नाशिक 20 अंश उत्तर अक्षांशावर, म्हणून इथे झोक्याची रेघ तासाला 5 अंशांच्या किंचित वर वळणार आणि पूर्ण फेरीला सुमारे 70 तास लागणार, हे गणित मुलांनी फळ्यावर मांडून ठेवलंच होतं. तासाभरानं खडूची पहिली रेघ आणि लंबकाची वाट यांत दोन बोटांचं अंतर पडलं होतं, घड्याळाच्या काट्यांच्या दिशेनं, अगदी हिशोबाप्रमाणे. मुलं ओरडली नाहीत. गुडघे टेकून नुसती बघत राहिली.

तुमच्यासाठी पुढे खुर्ची ठेवली होती. तुम्ही मात्र पूर्ण वेळ वर, चकापाशी उभे. त्या दिवशीच्या एकाही फोटोत तुम्ही नाही आहात.

मुलांनी दोरा पुन्हा बांधून ठेवलाय. शनिवारी सकाळची शाळा सुटली की या. या वेळी उदबत्ती तुम्ही लावायची आहे.

आपली,
आठवी 'ब'ची विज्ञानाची बाई
पंचवटी, नाशिक