‘सुजाता’ दाखवताना पडद्यावर कोण नाही, हेही पाहावे

संपादक महोदय,

जुन्या कौटुंबिक चित्रपटांतल्या दलित पात्रांचा विषय निघाला की बिमल रॉय यांच्या ‘सुजाता’चे (१९५९) नाव हटकून येते आणि चर्चा नूतनच्या अभिनयापाशी थांबते. अभिनय थोर आहेच. पण चित्रपट मंडळे आणि महाविद्यालये हा चित्रपट दाखवणार असतील, तर प्रेक्षकांना काही जागा आधीच दाखवून द्याव्यात.

पहिली जागा सुरुवातीलाच येते. साथीत आईबाप दगावतात आणि तान्ही दलित मुलगी, सुजाता, इंजिनिअर उपेनबाबूंच्या बंगल्यात येते. ती मोठी होते तोवर तिचे जातभाई कथेतून नाहीसे झालेले असतात. पटकथेची ही सोय आहे. नातेवाईक नाहीत, वस्ती नाही, म्हणून सारा संघर्ष एका घरात मावतो. त्यामुळे होते असे की, अस्पृश्यता ही उपेनबाबूंची बायको चारू हिच्या मनाची अढी ठरते; पाणवठा, मजुरी, शाळा यांचा प्रश्नच उरत नाही. अस्पृश्यता (गुन्हे) कायदा १९५५चा, नागपूरचे धर्मांतर १९५६चे. चित्रपटात मात्र गांधीजी आहेत, बाबासाहेब नाहीत.

कामाची वाटणीही पाहावी. त्यांची सख्खी मुलगी रमा शिकते, रंगमंचावर नाचते; सुजाता घर आणि बाग सांभाळते. टेलिफोनवरच्या त्या प्रसिद्ध गाण्यात नायक गातो, ती रडत ऐकते. तलत महमूद यांच्या आवाजापुढे हे लक्षात राहत नाही, पण सबंध चित्रपटात तिच्या वाट्याला बोलण्यापेक्षा ऐकणेच जास्त आले आहे.

सर्वांत जास्त वेळ रक्तदानाच्या प्रसंगाला द्यावा. चारूला रक्त लागते, घरातल्या कुणाचे जुळत नाही, सुजाताचे जुळते. रक्तगटाला जात नसते, हे सामान्य प्रेक्षकाला इतक्या सोपेपणाने क्वचितच कुणी सांगितले असेल. मात्र चारूचे मन वळते ते रक्त मिळाल्यावर. मुलीला घरात जागा मिळते ती उपकाराची परतफेड म्हणून. रक्त जुळलेच नसते तर? हा प्रश्न चर्चेत मुद्दाम विचारावा. बहुतेक वेळा तिथूनच लोक बोलू लागतात.

नूतन, सुलोचनाबाई, ललिता पवार, शशिकला, अशा चारही ठळक स्त्रीभूमिका मराठी अभिनेत्रींकडे आणि कथा बंगालीतल्या सुबोध घोष यांची. प्रांतांची सरमिसळ अशी सहज झाली. जातीची झाली नाही. कथा, दिग्दर्शन, प्रमुख भूमिका यांत ज्यांच्याबद्दल हा चित्रपट आहे त्यांच्यातले कुणीच नव्हते.

‘तेव्हा काळच तसा होता’ हे उत्तर पुरत नाही. त्याच १९५९ साली, मुंबईतच राहणाऱ्या अण्णा भाऊ साठे यांची ‘फकिरा’ ही कादंबरी प्रसिद्ध झाली. तिचा मांग नायक कुणाच्या मायेची वाट पाहत बसत नाही. उपाशी माणसांसाठी धान्य लुटतो.

‘सुजाता’ची लांबी अडीच तासांहून अधिक आहे. शेवटी चर्चा ठेवली की निम्मे लोक उठून जातात. म्हणून सगळेच शेवटच्या चर्चेवर न सोडता मध्यंतरातच ‘फकिरा’मधला दुष्काळाचा भाग दहा मिनिटे मोठ्याने वाचावा आणि मग उरलेला चित्रपट सुरू करावा.

— चित्रपट रसास्वादाचे काही अध्यापक, पुणे