मोठ्या टायरचा फोटो छापला, ब्रेकचं कोण छापणार?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

काल शनिवारच्या पुरवणीत तुम्ही पिकअपला मोठे टायर टाकून गाडी उंच करायचा जो अर्ध्या पानाचा लेख छापलाय त्याबद्दल लिहितोय. लेख मी कालच वाचला आणि बाजूला ठेवला होता, पण आज सकाळी माझा भाचा तेच पान घडी करून खिशात घालून आला आणि म्हणाला, मामा हे बघ, पेपरात पण आलंय, आता तरी हो म्हण. त्याने तीन महिन्यांपूर्वी कर्ज काढून पिकअप घेतलीय. मी नाही म्हणत होतो आणि आता तुमचा पेपर हो म्हणतोय, म्हणून हे पत्र.

लेखात लूक आहे, ग्राउंड क्लिअरन्स आहे, 33 इंची टायर आहे, खर्चाचा अंदाज आहे. ब्रेक हा शब्द नाही. मी दोनदा वाचलं, खरंच नाही.

आमच्या घरात हे सगळं झालेलं आहे म्हणून बोलतोय. माझ्या धाकट्या भावाची पिकअप, कंपनीचे टायर 215/75 आर 15, म्हणजे रुंदी 215 मिलिमीटर, बाजूची उंची रुंदीच्या 75 टक्के आणि रिम 15 इंची. पावसाळ्यात आमच्या वावराकडचा रस्ता म्हणजे नुसती काळी माती, माल भरलेली गाडी बाहेर काढायला दर खेपेला ट्रॅक्टर लावायला लागायचा, त्यामुळे मोठे टायर टाकावेत असं त्याला वाटलं यात चूक काही नव्हती आणि पैसेही अर्धे मीच दिले होते. हायवेच्या एका गॅरेजवाल्याने 235/75 चे जाड गुट्ट्यांचे चिखलातले टायर टाकले, पुढची चाकं पूर्ण वळवली की घासत होती म्हणून आतलं प्लास्टिक कापून काढलं, आणि वर मागचे दोन-दोन पाटे, म्हणजे स्प्रिंगच्या लोखंडी पट्ट्या, वाढवून दिले, की आता कितीही भरा गाडी बसणार नाही. आणि खरंच बसत नव्हती. आम्ही दोघं खूष.

आता आकडे बघा, हे कुणालाही वहीवर काढता येतात. मूळ टायरची उंची 703 मिलिमीटर, नव्याची 733. फरक 3 सेंटिमीटर, साधारण 4 टक्के. गॅरेजवाला म्हणाला 4 टक्क्यांनी काय होतंय, आणि नुसता टायर बदलला असता तर कदाचित काही जाणवलंही नसतं. पण तुमच्या लेखातला 33 इंची टायर म्हणजे 838 मिलिमीटर, तो आमच्या गाडीला बसवला असता तर स्पीडचा काटा 80 दाखवताना गाडी खरी 95 ने पळाली असती. चालवणारा काट्याकडे बघून चालवतो ना?

आणि ब्रेकचं असं आहे. घट्ट बसलेला नट सुटत नाही तेव्हा फिटर पान्याला पाइप घालून लांब करतो, मग तोच नट तेवढ्याच ताकदीत सुटतो. मोठा टायर म्हणजे रस्त्याच्या हातात लांब पाना. मागचा ड्रम तोच, त्याच्या आत घासणारे लायनर तेच, पुढच्या डिस्कही त्याच, आणि त्यांना अडवायचंय ते मात्र आधीपेक्षा मोठं आणि जड चाक. गिअरचंही तसंच, सेकंडला टाकून घाट उतरताना इंजिन जी गाडी धरून ठेवतं ती पकड मोठ्या चाकामुळे ढिली पडते, म्हणजे पाय ब्रेकवर जास्त राहतो आणि ब्रेक जास्त तापतो. चिखलात जे गुट्टे पकड देतात तेच ओल्या डांबरावर कमी पकडतात, कारण रस्त्याला टेकणारं रबरच कमी असतं.

आषाढात पहाटे आम्ही टोमॅटो घेऊन वाशीला निघालो होतो. 85 क्रेट, क्रेटच्या वजनासकट पावणेदोन टनाच्या वर, म्हणजे गाडीला जास्तच होतं, हे लपवत नाही. माळशेज उतरायला लागलो तेव्हा धुकं इतकं की बॉनेटच्या पुढचं दिसत नव्हतं, डाव्या बाजूने डोंगरावरून पाणी सरळ रस्त्यावर पडत होतं. भाऊ सेकंडलाच होता. दोन-तीन वळणं गेली आणि केबिनमध्ये जळका वास यायला लागला. मी म्हणालो थांबव, तो म्हणाला दादा थांबत नाहीये. पाय खाली जात होता, गाडी पळत होती. पॅडल जमिनीला टेकलेलं मी माझ्या डोळ्यांनी बघितलं. उजव्या हाताला दरी होती आणि समोरून एसटीचे दिवे येत होते. त्याने गाडी डाव्या अंगाला डोंगराच्या गटारीत घातली, म्हणून आज हे पत्र लिहायला मी आहे. क्रेट रस्ताभर. भावाचा उजवा गुडघा डॅशबोर्डखाली अडकला, दोन ऑपरेशनं झाली, आजही त्याला मांडी घालून जेवायला बसता येत नाही, ताट खुर्चीवर घेतो.

गाडी ओतूरला आणल्यावर आमच्या जुन्या फिटरने काय दाखवलं ते तुमच्या लेखकाला मुद्दाम सांगतो. त्याने मला गोणपाट टाकून गाडीखाली झोपायला लावलं. मागच्या एक्सलपासून वर चासीकडे एक बारीक दांडी जाते, करंगळीएवढी असेल, आणि ती एका व्हॉल्व्हला जोडलेली असते. माल भरला की गाडी मागे बसते, दांडी वर ढकलली जाते, आणि व्हॉल्व्हला कळतं की वजन आहे, मग तो मागच्या ब्रेकला जास्त प्रेशर सोडतो. गाडी रिकामी असली की तो मागचं प्रेशर कमी करतो, म्हणजे मागची चाकं जाम होऊन गाडी फिरत नाही. आमच्या गाडीला पाटे वाढवलेले, त्यामुळे पावणेदोन टन भरूनही ती बसली नाही, आणि व्हॉल्व्ह बिचारा शेवटपर्यंत गाडी रिकामीच समजत राहिला! मागचे ब्रेक नावाला. सगळा घाट पुढच्या दोन चाकांनी अडवला आणि ती तापून गेली. फिटरने पुढच्या डिस्क दाखवल्या, मोराच्या पिसासारख्या निळ्या पडल्या होत्या. मागचे लायनर मात्र जवळजवळ नवे. ते नवे लायनर बघून मला जे वाटलं ते लिहिता येत नाही.

ज्याने पाटे वाढवले त्याला ती दांडी नव्याने जुळवून घ्यायची असते हे माहीत नव्हतं, की माहीत असून केलं नाही, कुणास ठाऊक. काही जण तर ती तारेने वर बांधून टाकतात, मग रिकाम्या गाडीला पावसात ब्रेक मारला की मागचं चाक जाम होऊन गाडी आडवी. अशा बांधलेल्या तारा मी त्यानंतर आळेफाट्यावर उभ्या गाड्यांखाली वाकून वाकून बघितल्यात. लोक मला वेडा म्हणतात, म्हणू देत.

विम्याचं सांगतो. सर्व्हेअर आला, टेप काढला, टायरवरचा नंबर लिहून घेतला, पाटे मोजले आणि कागदावर ‘मूळ गाडीत बदल’ असं लिहिलं. खर्च झाला 1 लाख 40 हजार, हातात आले त्याच्या निम्म्याहून कमी. मी भांडलो, पण कायदा आमच्या बाजूने नव्हता. मोटार वाहन कायद्याचं कलम 52 आहे, जानेवारी 2019 मध्ये सुप्रीम कोर्टानेही सांगितलं की कंपनीने दिलेल्या मूळ रचनेत मालकाला मनाला येईल तसा बदल करता येत नाही, आणि त्याच वर्षीच्या दुरुस्तीने दर बदलामागे 5 हजार दंड किंवा 6 महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही अशी तरतूद आली. तुमच्या अर्ध्या पानात यासाठी दोन ओळींची जागा नव्हती? खर्चाच्या अंदाजात एवढं तरी धरायचं होतं.

आणि आरटीओच्या पासिंगला काय होतं ते सगळ्यांना माहीत आहे. मूळ टायर एखाद्याकडून दिवसभरासाठी आणायचे, गाडी दाखवायची, संध्याकाळी परत मोठे चढवायचे. हे आमच्याही बाबतीत झालंय, मीच स्टेपनीसकट पाच टायर टेम्पोत घालून आणून दिले होते. त्याची लाज वाटते म्हणूनच लिहितोय.

लेखातल्या फोटोतली गाडी चारी बाजूंनी चांगली उचललेली दिसते. तिचा मागचा बंपर मोटरसायकलवाल्याच्या छातीला येईल आणि रात्री तिचे दिवे समोरच्या कारवाल्याच्या थेट डोळ्यात जातील. उंच गाडीच्या हौद्यात पाच थरांचे क्रेट भरून ताडपत्री बांधली की वळणावर ती कशी झुकते ते एकदा मागून गाडी चालवून बघा. चिखलाची अडचण खरी आहे, मी नाही म्हणत नाही. आम्ही आता पावसाळ्यात मागच्या चाकांना साखळ्या बांधतो, डांबरी लागली की काढतो, वीस मिनिटं जातात. टायर कंपनीने दाराच्या आतल्या स्टिकरवर लिहिलाय तोच, आणि टायरवर साइजच्या पुढे जो लोडचा आकडा असतो तो बघूनच घेतो. 100 म्हणजे एका टायरला 800 किलो, 104 म्हणजे 900. हे दुकानदार स्वतःहून सांगत नाही, विचारावं लागतं.

जाता जाता अजून एक. बाजारभावाच्या रकान्यात ओतूरचा कांदा गेल्या गुरुवारी जो छापला तो मंगळवारचा भाव होता. आम्ही त्यावरून गाडी भरायची की नाही ते ठरवतो हो. टायरला अर्धं पान आणि भावाला मुंगीएवढी अक्षरं, तीही शिळी, हे बरोबर नाही.

भाच्याकडून ते पान मी काढून घेतलंय. पुढच्या शनिवारी तो परत येणार आहे, गॅरेजवाल्याने त्याला रविवारची वेळ दिलीय. त्याआधी त्या दांडीचं चित्र काढून, ती कुठे असते आणि पाटे वाढवल्यावर तिचं काय होतं, एवढं तुमच्या त्याच जागेवर छापा. माझं तो ऐकत नाही, म्हणतो मामा तुम्ही घाबरलाय. पेपरातलं ऐकेल.

आपला,
एक जुना वाचक
ओतूर, ता. जुन्नर