निंबोळीला नापास करण्याआधी तिची परीक्षा तरी नीट घ्या

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

पारंपरिक शेती, देशी औषधं, घरगुती फवारण्या याबद्दल हल्ली रोज काही ना काही वाचायला मिळतं. एक गट म्हणतो आपल्या पूर्वजांना सगळं माहीत होतं, दुसरा म्हणतो सगळं थोतांड. या भांडणात नुकसान कोणाचं होतं ते मी घरातच बघितलं म्हणून लिहितेय.

मी परळला राहते, एका कॉलेजच्या केमिस्ट्री लॅबमध्ये तीस वर्षं असिस्टंट होते, आता रिटायर झालेय. गाव रोहा तालुक्यात, तिथे माझा चुलतभाऊ भाजीपाला करतो. मागच्या हिवाळ्यात त्याच्या वांग्यांत शेंडा आणि फळ पोखरणारी अळी शिरली, त्याने दुकानातून 'शंभर टक्के नैसर्गिक' लिहिलेली कडुनिंबाची बाटली आणली, भर दुपारी बाराच्या उन्हात फवारली आणि दुसऱ्या दिवशी वांगं कापून बघतो तर आत अळी मस्त वळवळतेय. आठवडाभरात त्याचं मत झालं की हे देशी वगैरे सगळं फालतू आहे, मग जालीम औषध आणलं आणि नाकातोंडाला नुसता रुमाल बांधून मारलं. 2017 मध्ये यवतमाळला फवारणीतून विषबाधा होऊन वीसपेक्षा जास्त शेतकरी-शेतमजूर गेले होते, ते आठवून माझ्या पोटात गोळाच आला.

गावी गेले तेव्हा ती बाटली उलटसुलट करून बघितली. गाय आहे, हिरवं पान आहे, पण आत अॅझाडिरॅक्टिन किती पीपीएम, म्हणजे दहा लाख भागांत किती भाग, ते कुठेच नाही! कडुनिंबात किडीवर जे मुख्य काम करतं ते हेच, आणि ते सगळ्यात जास्त असतं बीमध्ये, पानात नाही. ते किडीला पटकन मारत नाही, तिचं खाणं बंद पाडतं आणि कात टाकण्याच्या हार्मोनमध्ये गडबड करतं, म्हणजे परिणाम दिसायला काही दिवस जातात. उन्हात ते लवकर नष्ट होतं म्हणून फवारायचं संध्याकाळी, आणि अळी एकदा फळात घुसली की बाहेरून फवारून तिच्यापर्यंत पोचणार कसं? म्हणजे औषध चुकीच्या वेळी, चुकीच्या टप्प्यावर आणि किती ताकदीचं तेही माहीत नसताना मारलं, आणि दोष गेला आजोबांच्या निंबोळीवर. आजोबा 5 किलो निंबोळी कुटून रात्रभर पाण्यात भिजत घालायचे, सकाळी फडक्यातून गाळून त्याचं 100 लिटर करायचे, थोडा साबण घालायचे आणि दिवस कलल्यावर फवारायचे. कृषी विद्यापीठं 5 टक्के निंबोळी अर्क म्हणून जवळजवळ हीच कृती सांगतात.

आता व्हॉट्सअॅपवर फिरतं की पाला उकळा. उष्णतेनेही ते द्रव्य खराब होतं हे कोण सांगणार? चीनच्या तू यूयू यांना मलेरियाच्या औषधासाठी 2015 चं नोबेल मिळालं, त्यांचंही आधी इथेच अडलं होतं. जुन्या ग्रंथात वनस्पती पाण्यात भिजवून रस पिळायला सांगितलंय, उकळायला नाही, हे लक्षात आल्यावर त्यांनी कमी तापमानाला अर्क काढला आणि आर्टेमिसिनिन हाती लागलं. कृतीतला एक शब्द इकडचा तिकडे झाला तर औषधाचं पाणी होतं.

मी स्वतः घरी छोटा प्रयोग केला. गावची मोठी आई भाताच्या कणगीत निरगुडीचा पाला घालायची आणि अख्ख्या मुगाला एरंडेल चोळायची. पावसाळ्याआधी मी चार बरण्या भरल्या, दोन तांदळाच्या, दोन मुगाच्या. एका तांदळात निरगुडीचा पाला, एका मुगाला एरंडेल, आणि दोन तशाच ठेवल्या, कारण तुलनेला साधी बरणी नसेल तर त्याला प्रयोग म्हणतच नाहीत. गणपतीत उघडलं. एरंडेलाचे मूग स्वच्छ, साध्या मुगांना भुंगेऱ्यांनी भोकं पाडलेली. भुंगेरा दाण्यावर अंडी घालतो, तेलाच्या थराने अंड्याला हवाच मिळत नाही, म्हणून ते जमलं. तांदूळ मात्र दोन्हीकडे पोरकिड्यांनी भरले, शिवाय पाला ओलसर राहिल्याने त्या बरणीला बुरशीचा वास. मी पाला नीट सुकवला नव्हता, मोठी आई सावलीत कडकडीत सुकवायची, हे नंतर फोनवर कळलं. चार बरण्यांवरून काही सिद्ध होत नाही हे मला कळतं, पण काय विचारायला हवं होतं ते नक्की कळलं.

आणि जे नापास होईल तेही छापा. तंबाखूचा काढा नैसर्गिक आहे म्हणून सुरक्षित नाही, निकोटिन कातडीतूनही अंगात जातं. जिवामृत म्हणजे शेण-गोमूत्राचं आंबवलेलं पाणी, त्याच्या 200 लिटरमध्ये 10 किलो शेण असतं, त्यातून एकराला नत्र (नायट्रोजन) किती मिळणार हा प्रश्न विचारणारा लगेच परंपरेचा शत्रू होत नाही. श्रीलंकेत 2021 मध्ये रासायनिक खतं एका फटक्यात बंद केली, भाताचं उत्पादन कोसळलं आणि काही महिन्यांत निर्णय मागे घ्यावा लागला. मला हे सगळं परंपरेवरच्या प्रेमापोटीच टोचतं.

लिहून ठेवलेलं असलं की काय होतं तेही बघा. हळदीने जखम भरते यावर अमेरिकेत 1995 मध्ये पेटंट दिलं गेलं, आपल्या सीएसआयआर या सरकारी संशोधन संस्थेने 1997 मध्ये ते रद्द करून घेतलं, त्यात जुन्या ग्रंथांबरोबर 1953 चा एक छापील शोधनिबंध कामाला आला. मोठ्या आईची निरगुडी कुठे छापलीय? ती आता पंच्याऐंशीची आहे.

म्हणून माझं म्हणणं असं की मुंबईत एवढी कॉलेजं आहेत, बॉटनी, केमिस्ट्री, झूलॉजीची पोरं दरवर्षी प्रोजेक्ट करतात आणि बऱ्याचदा मागच्या वर्षीचंच कॉपी करतात. त्यांना रायगड-पालघरच्या एकेका गावाची एकेक पद्धत द्या, सोबत साधी बरणी किंवा साधा वाफा ठेवायला लावा, मोजायला लावा, आणि वहीवर सांगणाऱ्या बाईचं आणि गावाचं नाव तिला विचारून पहिल्या ओळीत लिहा. दापोलीच्या कृषी विद्यापीठाने त्यातले चांगले निवडून शेतावर दोन-तीन हंगाम तपासावेत. तुमच्या पेपरातही महिन्यातून एक कोपरा या निकालांना द्या, पास आणि नापास दोन्हींना.

माझ्या चार बरण्यांची तारीखवार नोंद तयार आहे, सांगाल त्या दिवशी ऑफिसात आणून देते. या वर्षी पाला सावलीत सुकवून परत लावणार आहे.

– एक वाचक, परळ, मुंबई