सॅनिटायझरला न जुमानणारा जंतू

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

खाटेशेजारी सॅनिटायझरची बाटली दिसली की रुग्णाच्या नातेवाइकांना हायसे वाटते. बहुतेक जंतूंच्या बाबतीत तो विश्वास योग्यही आहे. पण रुग्णालयातच पसरणाऱ्या जुलाबाच्या एका जंतूपुढे ही बाटली काही कामाची नाही. त्याचे नाव क्लॉस्ट्रिडिऑइडिस डिफिसिल, थोडक्यात 'सी डिफ'. मेडिकल वॉर्डात परिचारिका म्हणून मी नोकरीची सगळी वर्षे काढली. एवढी साधी गोष्ट रुग्णांच्या घरच्यांना कुणी सांगत नाही, म्हणून हे पत्र लिहीत आहे.

हा जंतू बीजाणू तयार करतो, म्हणजे जाड कवचात सुप्तावस्थेत राहतो. अल्कोहोलने ते कवच फुटत नाही. खाटेचा कठडा, बेलचे बटण, कमोडची बैठक, रक्तदाब मोजायचा पट्टा, कशावरही हे बीजाणू महिनोन् महिने टिकतात. तिथून ते हाताला लागतात आणि हातावरून तोंडात जातात. जठरातले आम्लही त्यांना मारू शकत नाही. निरोगी माणसाच्या आतड्यातले नेहमीचे उपकारक जंतू या पाहुण्याला सहसा वाढू देत नाहीत. मात्र प्रतिजैविकांच्या माऱ्यात तेच मेले, तर याला रान मोकळे मिळते. मग पाण्यासारखे जुलाब, पोटात कळा, ताप आणि आतड्याला सूज. सत्तरी ओलांडलेल्या, आधीच खंगलेल्या रुग्णाच्या ते जिवावर बेतते. अमेरिकेच्या 'सीडीसी' या संस्थेच्या अंदाजानुसार २०१७ साली त्या देशात रुग्णालयात दाखल झालेल्या २,२३,९०० जणांना हा संसर्ग झाला आणि १२,८०० जण दगावले.

हातांसाठी यावर उपाय एकच, साबण आणि वाहते पाणी. साबणानेही बीजाणू मरत नाहीत, पण चोळल्यामुळे ते सुटतात आणि पाण्याबरोबर वाहून जातात. म्हणून बोटांच्या बेचक्या, अंगठा आणि नखांच्या कडा घासायला हव्यात. नुसते हात ओले करून भागत नाही. हातमोजे घातले होते म्हणून हात धुवायचे नाहीत असेही चालत नाही, कारण मोजे काढतानाच हात बरबटतात. पण बेसिन वॉर्डाच्या पार टोकाला असेल आणि एका सिस्टरकडे दोन डझन रुग्ण असतील, तर दर वेळी तिथवर जाऊन हात धुणे तिला कसे जमणार? दोष तिच्या आळसाचा नाही, वॉर्डाच्या आखणीचा आणि अपुऱ्या मनुष्यबळाचा आहे.

मला सर्वांत जास्त बोलायचे आहे ते सफाईबद्दल. जुलाबाचा रुग्ण घरी गेला की खाट रिकामी होते आणि पुढचा रुग्ण स्ट्रेचरवर ताटकळत असतो. "लवकर आवरा" असा पुकारा होतो. सफाई कामगार कठड्यावरून फडके फिरवतो, चादर बदलतो, झाले. बीजाणू मरतात ते क्लोरीनयुक्त द्रावणाने, म्हणजे हायपोक्लोराइटने, आणि तेही घाण आधी साबणपाण्याने काढलेली असेल तरच. मळ तसाच राहिला तर क्लोरीन त्यातच खर्ची पडते. शिवाय द्रावण लावल्यावर उत्पादकाने सांगितलेला वेळ, अनेकदा दहा मिनिटे, तो पृष्ठभाग ओला राहावा लागतो. लगेच कोरड्या फडक्याने पुसणारे कामगार मी पाहिले आहेत. त्यांना यामागचे कारण कोणी समजावलेलेच नव्हते. सांगितल्यावर तीच माणसे खाटेच्या चाकांपर्यंत मन लावून पुसू लागली. आधीच्या रुग्णाला हा संसर्ग असेल तर त्या खोलीत येणाऱ्या पुढच्या रुग्णाचा धोका वाढतो, हे अभ्यासांतून दिसले आहे. म्हणून ही दहा मिनिटे उपचाराचाच भाग धरायला हवीत.

जुलाब सुरू झाल्याबरोबर, तपासणीच्या अहवालाची वाट न पाहता, रुग्णाला स्वतंत्र खोली आणि स्वतंत्र शौचालय द्यावे. ते जमत नसेल तर निदान वेगळा कमोड द्यावा. जुलाब थांबल्यावरही किमान ४८ तास हे चालू ठेवायला हवे.

आणि प्रतिजैविके. इंग्लंडमध्ये २००६ नंतर फ्लुरोक्विनोलोन गटातल्या औषधांचा वापर आवरता घेतला गेला आणि या संसर्गाचे प्रमाण झपाट्याने उतरले. ऑक्सफर्डच्या संशोधकांनी २०१७ मध्ये या घसरणीचे मोठे श्रेय औषधांवरच्या त्या निर्बंधाला दिले. गरज नसताना दिलेली प्रतिजैविके फक्त त्याच रुग्णाला भोवत नाहीत, शेजारच्या खाटेवरचाही त्यात भरडला जातो. साध्या सर्दीसाठी डॉक्टरांकडे 'अँटिबायोटिक द्याच' असा हट्ट धरणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावे.

रुग्णालयांच्या व्यवस्थापनांना माझी विनंती आहे की रुग्ण दाखल होतानाच त्याच्या माणसांना हे सारे समजावून सांगावे: खोलीत शिरताना आणि बाहेर पडताना साबणाने हात धुवा, रुग्णाच्या खाटेवर बसू नका, त्याचे शौचालय वापरू नका. घरी गेल्यावरही काळजी घ्यावी लागते. प्रतिजैविकांचा कोर्स संपल्यानंतर काही आठवड्यांनीही हे जुलाब सुरू होऊ शकतात. अशा वेळी जुलाब थांबवणारी गोळी परस्पर घेऊ नये, डॉक्टरांकडे जावे आणि आधी कोणती औषधे घेतली होती ते त्यांना आवर्जून सांगावे.

आपली,
एक निवृत्त परिचारिका